गाईड ते कॅम्प लीडर: जंगलाकाठच्या गावात राहूनच या लाईनमध्ये वर कसं जायचं

मोहर्ली घ्या, कोलारा घ्या, सिल्लारी, खुर्सापार, सेमाडोह, पिटेझरी, विदर्भातल्या जंगल सफारीच्या कोणत्याही गेटवर जा, तिथं एकतरी गाईड असा सापडतोच ज्याला जंगल तोंडपाठ आहे. भेकर ओरडलं की वाघ कोणत्या नाल्यानं उतरला ते सांगेल, धुळीतला पंजा पाहून नर की मादी ते सांगेल, आणि आठ-दहा वर्षं झाली तरी तो तिथंच, रोस्टरवर नंबर लागला तर फेरी, फेरीचे ठरलेले तेवढेच पैसे, आणि पावसाळ्यात गेट बंद झालं की धानाच्या रोवणीवर. त्याच्याच गावाच्या हद्दीत जो रिसॉर्ट उभा राहिला तिथला नॅचरलिस्ट, म्हणजे पाहुण्यांना जंगल समजावून सांगणारा माणूस, मात्र पुण्या-बंगलोरकडून येतो, कॅम्प मॅनेजर बाहेरून येतो, आणि नवीन पोट्ट्यांना ट्रेनिंग द्यायलाही बाहेरूनच माणूस येतो. हे मला मनापासून खटकतं, म्हणून हे लिहितोय.

बाहेरून येणाऱ्याला तुमच्यापेक्षा जंगल जास्त कळतं असं नाही राजेहो. त्याला ती जागा मिळते कारण त्याला ग्रुप सांभाळता येतो, दिवसाचा प्लॅन कागदावर मांडता येतो, काही वाईट झालं तर काय करायचं ते त्याचं आधीच ठरलेलं असतं, आणि आजवर काय काम केलं त्याची नोंद तो समोर ठेवू शकतो. हे सगळं शिकता येतं, गावात राहून, शेती सांभाळून, फार पैसे न घालता. जंगल शिकायला जी वर्षं लागतात ती तुमची बालपणापासून होऊन गेलीत, ती त्याला विकत घेता येत नाहीत. हे सफारी गाईडला लागू आहे तसंच चिखलदऱ्याला गाविलगड दाखवणाऱ्याला, खिंडसीला बोटिंगवर काम करणाऱ्याला, शाळांचे कॅम्प घेणाऱ्याला पण लागू आहे, मी उदाहरणं जास्त करून सफारीची देतो कारण आपल्याकडं काम जास्त तिथंच आहे.

निघायच्या आधीची दहा मिनिटं

बहुतेक वेळा काय होतं, परमिट तपासलं, मंडळी जिप्सीत बसली, गाईड म्हणाला "चला सर, नशीब असेल तर दिसेल", आणि गाडी निघाली. मग आत गेल्यावर कोणी उभं राहतं, कोणी वेफर्सचं पाकीट फोडतं, एखाद्या आजीला तासाभरानं बाथरूमला जायचं असतं, आणि गाईड चार तास फक्त "सर बसा, मॅडम बसा" करत राहतो. ग्रुप हातात घ्यायचा तो गेटच्या आत जायच्या आधी घ्यायचा. मी नवीन लोकांना साधारण असं बोलायला शिकवतो:

"नमस्कार, मी तुमचा गाईड, आणि हे आपले ड्रायव्हर भाऊ, यांना या रस्त्यांची माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. आपण साडेतीन-चार तास आत असू. बाथरूम एकाच ठिकाणी आहे, तिथं पोचायला दीड-दोन तास लागतील, म्हणून आताच जाऊन या. गाडीतून खाली उतरायचं नाही, टोपी पडली तरी नाही, मला सांगा. प्राणी दिसला तर मी हात वर करीन, तेव्हा बोलणं बंद आणि उभं राहणं बंद. कोणाला दमा, बीपी, शुगर, मधमाशी चावल्यावर अंग सुजण्याचा त्रास असेल तर सांगा, सगळ्यांसमोर नको वाटलं तर मला बाजूला सांगा. वाघ दिसेलच असं मी म्हणत नाही, पण आज जंगल जे दाखवेल ते मी तुम्हाला नीट समजावून सांगीन."

एवढंच, दोन-तीन मिनिटांचं. पण यात ड्रायव्हरला मान दिला, वेळ सांगितली, नियम सांगितले, तब्येत विचारली, आणि वाघाचं ओझं स्वतःच्या डोक्यावरून उतरवलं. उरलेल्या वेळात तुम्ही विचारायचं, याआधी कुठं गेलात, काय पाहायला आवडतं, कोणाला पक्षी आवडतात का. ज्याला पक्षी आवडतात त्याला नवरंग किंवा मत्स्यगरुड दाखवला की त्याची फेरी वसूल, पण हे विचारलंच नाही तर कळणार कसं.

हे बोलणं घरी मोठ्यानं म्हणून पाहा, मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका. हिंदीतही तयार ठेवा, आणि मोडकंतोडकं का होईना इंग्रजीतही. इंग्रजीची भीती बाळगू नका, चार तासांच्या फेरीत लागणारी वाक्यं मोजून साठ-सत्तर असतात, एका पावसाळ्यात पाठ होतात.

"नाही" म्हणायचं कसं

या लाईनमध्ये माणूस कसा आहे ते इथंच कळतं. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं, वाघीण आणि तिची पाच पिल्लं रस्त्यावर आणि दोन्ही बाजूनं जिप्स्यांची रांग. व्हिडिओ फिरला, गाईड आणि ड्रायव्हरांवर निलंबनाची कारवाई झाली, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या सूचनांमध्ये प्राण्यापासून किमान २० मीटर अंतर लिहिलेलं आहे, घेरायचं नाही हेही लिहिलेलं आहे, नियम माहीत नव्हता असं कोणीच म्हणू शकत नाही. तरी तसं होतं, कारण त्या घडीला मागून पर्यटक ओरडत असतो, पुढची गाडी सरकलेली असते, टिपचा विचार डोक्यात असतो, आणि समोर वाघीण असते. अशा वेळी नव्यानं विचार करून कोणाला योग्य निर्णय घेता येत नाही. म्हणून निर्णय आधी घेऊन ठेवायचा.

म्हणजे काय करायचं, सकाळी चहावरच ड्रायव्हर भाऊसोबत ठरवायचं की मी गाडीच्या कडीवर दोनदा टकटक केलं की थांबायचं, पर्यटक काहीही म्हणो. आणि पर्यटकाला नुसतं "अलाऊड नाही" म्हणून सोडायचं नाही, त्यानं माणूस चिडतो. त्याला कारण द्या आणि पर्याय द्या. "सर, तिला रस्ता ओलांडायचा आहे. आपण पुढं गेलो तर ती झुडपात परत जाईल आणि मग कोणालाच दिसणार नाही. इथंच इंजिन बंद करून थांबू, ती शांत राहिली तर स्वतःच बाहेर येईल." दहातले आठ लोक ऐकतात. उरलेले दोन ऐकत नाहीत, टिप देत नाहीत, वाईट रिव्ह्यू लिहितात. ते सोसायचं. जबरदस्ती जास्तच झाली, पैसे दाखवले, नाव घेऊन धमकावलं, तर बाहेर आल्यावर त्याच दिवशी गेटवरच्या वन कर्मचाऱ्याकडं लेखी द्या, तारीख, गाडी नंबर, वेळ टाकून. उद्या कोणी उलटी तक्रार केली तर तुमचा कागद आधीचा असतो.

आणि जो गाईड असा ठाम राहतो त्याचं नाव आरएफओ (वनपरिक्षेत्र अधिकारी) साहेबांपर्यंत आणि रिसॉर्टवाल्यांपर्यंत आपोआप जातं, कारण फॅमिली ग्रुप, शाळेचा ग्रुप, परदेशी पाहुणे द्यायचे असले की त्यांना असाच माणूस पाहिजे असतो.

वयानं मोठ्या माणसाला सांगायचं म्हणजे

बाहेरच्या कोर्समध्ये शिकवतात की चूक दिसली तर स्पष्ट बोला. आपल्या गावात ते एवढं सोपं नाही. ड्रायव्हर तुमच्या बापाच्या वयाचा, नात्यानं मामा लागतो, त्यानं तुम्हाला लहानपणी सायकलवर फिरवलेलं, आणि आज त्याला सांगायचं की मामाजी, गाडी जोरात चालवू नका. पर्यटकांसमोर बोललात तर त्याचा अपमान, नाही बोललात तर एखादं चितळ गाडीखाली येईल.

यावर मला एकच गोष्ट कामाची वाटली, चौकात नाही आणि चिडून नाही, फेरी संपल्यावर दोघंच असताना, आणि आधी विचारायचं. "मामाजी, आज त्या वळणावर गाडी बम जोरात गेली, काऊन बाप्पा? काही घाई होती काय?" तो सांगतो, कधी खरं कारण असतं, गेटची वेळ संपत आलेली असते, उशीर झाला तर त्याला दंड बसतो. मग सवाल स्पीडचा राहत नाही, वेळेचा होतो, आणि तो तुम्ही प्लॅनमध्ये सोडवू शकता, पंधरा मिनिटं आधी परत फिरून. आत असताना तातडीचं असलं तर मात्र नातं-बितं बाजूला, "मामाजी थांबा" एवढे दोन शब्द, आवाज शांत. आणि मोठ्या माणसाला वर्षातून चार-पाचदा पर्यटकांसमोर मान द्या, "हे मामा सांगतील, त्यांनी इथं चाळीस उन्हाळे काढलेत" असं म्हणा, मग तो तुमचं एक वाक्य ऐकून घेतो.

खालच्या माणसाशी वागताना पण हेच. टेंट लावणारा पोरगा, किचनमधली ताई, गाडी धुणारा, यांच्याकडून काम करून घ्यायचं असेल तर त्यांना आजचा प्लॅन माहीत पाहिजे. कॅम्पवर ग्रुप रात्री नऊला येणार हे किचनला साडेआठला कळतं असल्या ठिकाणी कोणी टिकत नाही.

इमर्जन्सीचा कागद

हा भाग मी सगळ्यात जास्त महत्त्वाचा मानतो. एक कागद करा, दोन्ही बाजूंनी लिहा, लॅमिनेट करून गाडीत आणि कॅम्पवर लावा. त्यावर काय पाहिजे: जवळचं पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) किती किलोमीटर, रात्री तिथं डॉक्टर असतो का, सर्पदंशाचं इंजेक्शन तिथं असतं की ग्रामीण रुग्णालयात जावं लागतं, तिथं पोचायला पावसाळ्यात किती वेळ लागतो, कोणता नाला भरला की रस्ता बंद होतो, वाटेत मोबाईलला रेंज कुठं कुठं येते, गावात रात्री-बेरात्री गाडी कोण काढेल, त्याचे दोन नंबर. १०८ अँब्युलन्सचा, वन विभागाचा १९२६. हे सगळं फोनवर विचारून लिहू नका, एकदा स्वतः गाडी घेऊन जाऊन या, दवाखान्यात नर्स ताईंना भेटून या, त्यांना सांगा की आम्ही इथं कॅम्प चालवतो. ओळख असली की फोन उचलला जातो.

मग आपल्या भागात खरंच काय होतं त्याची तयारी. साप आधी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, या चौघांच्या विषावर आपल्याकडचं इंजेक्शन चालतं. चावल्यावर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळून बांधायची नाही, झाडफूक करणाऱ्याकडं वेळ घालवायचा नाही. माणसाला निजवा, हलू देऊ नका, अंगठी, बांगड्या, जोडवी काढा कारण सूज येते, काठीची फळी करून हात-पाय सैल बांधून स्थिर ठेवा, चावल्याची वेळ लिहा आणि निघा. साप मारून सोबत न्यायची गरज नाही. मण्यार रात्री निजलेल्याला चावते, दुखत नाही, खूण पण नीट दिसत नाही, पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होऊन खाली येतात, बोलणं अडखळतं, अशी लक्षणं दिसली तर वाट पाहायची नाही. म्हणून कॅम्पवर कोणालाच, स्टाफलासुद्धा, भुईवर निजू देऊ नका. पाहुणे कॉटवर आणि आपली पोरं खाली सतरंजीवर असा कॅम्प मला पसंतच नाही.

दुसरं ऊन. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडं मे महिन्यात पारा ४५-४६ च्या पुढं जातो आणि नेमका तोच वाघ दिसायचा हंगाम. चक्कर, मळमळ, खूप घाम, इथपर्यंत सावली, ओआरएस, आराम यानं माणूस सावरतो. पण तो बरळायला लागला, अंग तापलेलं आहे, नीट उत्तर देत नाही, तर ती लू, म्हणजे उष्माघात आहे, आणि तिथं आधी गार करायचं आणि मग न्यायचं, म्हणजे नेता-नेताही गार करत राहायचं. अंगावर पाणी, ओला दुपट्टा, वारा घालणं, बर्फ असला तर मानेला आणि काखेत. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. जिप्सीत वीस लिटरचा एक जादा कॅन फक्त यासाठी ठेवा.

तिसरं वीज. जूनचे पहिले पाऊस आणि परतीचे पाऊस, या दिवसांत आपल्याकडं दरवर्षी माणसं दगावतात. उघडी जिप्सी विजेपासून वाचवत नाही हे लक्षात ठेवा, वरून पत्रा असलेली बंद गाडी वाचवते. मचाण, एकटं झाड, तळ्याची पाळ, यांपासून दूर व्हा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास थांबायचं. विजेची आधी सूचना देणारं पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप आहे, ते टाकून ठेवा, फुकट आहे.

आग्या मोहोळाचं एवढंच सांगतो की सकाळच्या ब्रीफिंगमध्ये अत्तर-डिओ नको म्हणून सांगा, आणि मधमाशा उठल्या तर हात झाडत बसू नका, तोंड झाकून तिथून निघा. ज्याचे ओठ सुजतात, श्वास लागतो, त्याला तसाच दवाखान्यात न्या.

आणि हा कागद दरवर्षी नव्यानं लिहा, कारण जंगल बदलतं. गडचिरोलीत २०२१ मध्ये छत्तीसगडकडून हत्तींचा कळप आला, तोवर तिथल्या कोणत्याही जाणत्या माणसाला हत्तीसमोर कसं वागायचं हे शिकायची गरज पडली नव्हती. आता पडली.

फेरीनंतरची बैठक आणि वही

पर्यटक गेले की ड्रायव्हर, गाईड, कॅम्पची पोरं मिळून दहा मिनिटं बसा. तीन गोष्टी बोला: आज काय बरं झालं, काय अडलं, उद्या काय बदलायचं. कोणावर बोट ठेवायचं नाही. सगळ्यात नवीन पोराला आधी बोलू द्या, नाहीतर मोठा बोलला की तो मान हलवतो आणि गप्प राहतो.

मग वही. तारीख, ग्रुप कसा होता, लहान मुलं किती, म्हातारी माणसं किती, रस्ता, हवामान, काय पाहिलं, कोणता निर्णय घेतला आणि काऊन घेतला. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, "ढग आले म्हणून मचाण रद्द केलं, ग्रुप नाराज, पण चार वाजता वीज पडली" असं एक वाक्य. दोन हंगाम अशी वही भरली की तुमच्या हातात जे येतं ते कोणत्याही डिग्रीवाल्याकडं नसतं. कॅम्प मॅनेजरच्या मुलाखतीला जाताना वही घेऊन जा. "तुम्ही काय केलं आहे?" असं विचारतात तेव्हा "साहेब, दहा वर्षांचा अनुभव आहे" म्हणण्यापेक्षा पान उघडून दाखवलं तर समोरचा सरळ बसतो. आणि वही लिहून लिहून तुम्हाला स्वतःलाच दिसायला लागतं की आपण कुठं घाई करतो, कोणत्या लोकांसमोर दबतो.

कोर्स कोणते करायचे

कोर्सचा पैसा आणि वेळ मोठा असतो म्हणून क्रम सांगतो, माझ्या मतानं.

पहिला प्रथमोपचार आणि सीपीआर, दोन दिवसांचा का असेना, तालुक्याच्या दवाखान्यात किंवा रेड क्रॉसकडं चौकशी करा. याच्या पुढचा वाइल्डरनेस फर्स्ट एड म्हणून साधारण १६ तासांचा कोर्स असतो, आणि जगभर आउटडोअर लीडरकडून ज्याची अपेक्षा करतात तो वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर, ७०-८० तासांचा. दवाखाना तासन्‌तास लांब असताना काय करायचं ते यात शिकवतात, म्हणजे भामरागडची किंवा मेळघाटच्या आतल्या गावांची रोजचीच परिस्थिती. हा महाग पडतो, म्हणून कॅम्पच्या मालकाला सांगून बघा की अर्धे पैसे तुम्ही द्या, मी दोन हंगाम इथंच काम करतो, लिहून देतो.

ट्रेकिंग, रॉक क्लाइंबिंग, रॅपलिंगकडं जायचं असेल तर दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ ची, उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट १९६५ ची, मनालीची पण आहे. तिथला बेसिक कोर्स साधारण २८ दिवसांचा. बेसिकमध्ये ए ग्रेड मिळाली तर ॲडव्हान्स, आणि त्यानंतर मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन, म्हणजे शिकवायचं कसं याचा कोर्स. लीडर व्हायचं असेल तर हा तिसरा खरा. आणि बर्फ-डोंगर आपल्या पोरांचं काम नाही असं कोणी म्हणालं तर त्याला सांगा, मे २०१८ मध्ये मिशन शौर्यमधून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांचे ५ विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिलेत.

बाहेरच्या देशात या गोष्टी कशा बांधल्या गेल्या तेही थोडं माहीत असावं. आउटवर्ड बाउंड १९४१ मध्ये, महायुद्धाच्या काळात, वेल्समध्ये सुरू झालं, जवान खलाशांना संकटात टिकून राहायला शिकवायला. अमेरिकेत व्योमिंगला पॉल पेट्झोल्ट यांनी १९६५ मध्ये नोल्स ही जंगल-डोंगरात लीडरशिप शिकवणारी शाळा सुरू केली. नोल्सची एक पद्धत मी आपल्याकडं वापरा असं आग्रहानं सांगतो, रोज एक जण त्या दिवसाचा लीडर. बाकीचे त्याचं ऐकतात, संध्याकाळी त्याच्याशी बोलतात. कॅम्पवर सहा जण असले तर आठवड्यात सहाही जणांवर एकेकदा जबाबदारी येते, किचनच्या ताईवर पण. मी पाहिलंय, ज्या ताई वर्षभर तोंड उघडत नव्हत्या त्यांनी लीडरच्या दिवशी ग्रुपची अशी शिस्त लावली की सगळे पाहत राहिले. तिथं हेही शिकवतात की चांगलं मागं चालणं, म्हणजे दुसऱ्याच्या दिवशी त्याला साथ देणं, खरी माहिती वेळेवर देणं, हाही लीडरशिपचाच भाग. आपल्या गेटवरची भांडणं पाहता हे आधी शिकायला पाहिजे.

पावसाळ्याचे तीन महिने

१ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, बंद. रोवणी असतेच, पण पऱ्हे लावून झाल्यावर मधे वेळ मिळतो. तो नुसता जाऊ देऊ नका. इंग्रजी वाक्यं, ब्रीफिंग, पक्ष्यांची ओळख, कागद नव्यानं लिहिणं, कोर्स, हे सगळं या दिवसांतलं.

आणि वाघाशिवाय चालणारी दोन-तीन कामं तयार करा, कारण फक्त साइटिंगवर पोट अवलंबून असलं की "नाही" म्हणायची हिंमत कमी होते. ५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो, त्याआधी तालुक्यातल्या शाळांच्या गुरुजींना भेटून तळ्यावरची सकाळची फेरी ठरवा. भंडारा-गोंदियाकडं तर गावागावात जुने तलाव आहेत. दुसरं आकाश. महाराष्ट्रातल्या पेंचला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, म्हणजे आपल्या अंधाराला आता किंमत आहे. सप्तर्षी, कृत्तिका, मृग ओळखायला शिका, आणि घरच्या आजीला विचारा, सप्तर्षीतल्या बाजेची आणि चोरांची गोष्ट अजून सांगणारी म्हातारी माणसं आहेत, ती गोष्ट दुर्बिणीइतकीच कामाची. तिसरं, झाडं. मोह, तेंदू, धावडा, येन, याचं काय खातात, काय बांधतात, कोणत्या सणाला लागतं, हे गोंड, कोरकू, माडिया घरांतल्या पोरांना जेवढं माहीत आहे तेवढं कोणत्याच नॅचरलिस्टला नाही. फक्त देवाधर्माच्या गोष्टी सांगायच्या आधी गावातल्या जाणत्यांना विचारा की पाहुण्यांना काय सांगायचं आणि काय नाही.

गाव सोबत असलं तरच

मार्च-एप्रिलमध्ये बाया पहाटे मोहफुलं वेचायला जातात, मेमध्ये तेंदूपत्ता, आणि याच दिवसांत वाघ-अस्वलाचे हल्ले होतात. ज्या घरात असं झालंय त्या घरासमोरून पर्यटकांची जिप्सी हसत-खिदळत जाते तेव्हा गावाला काय वाटतं याचा विचार लीडरनं करायचा असतो. हल्ला झाला त्या दिवशी गावातून गाडी हळू आणि शांत न्या, पाहुण्यांना आधी सांगा. गावात प्राथमिक प्रतिसाद दल (वाघ गावाकडं आला की वन विभागाला मदत करणारी गावातली पोरं) असेल तर त्यात जा, वाघ कुठं फिरतोय ते तुम्हाला फेरीत कळतं, ते वनरक्षकाला आणि मोहफुलं वेचणाऱ्या बायांना त्याच दिवशी कळलं पाहिजे. परिस्थितीकीय विकास समितीच्या, म्हणजे वन विभागासोबत गावाची कामं ठरवणाऱ्या गावच्या समितीच्या, बैठकीला जा, गेटचा पैसा कुठं लागला ते विचारा, नीट भाषेत विचारा.

आणि पोरींना आणा. ताडोब्यात आता बाया गाईड आहेत, जिप्सी चालवणाऱ्या पण आहेत. नवीन पोरगी आली तर पहिले काही दिवस तिच्यासोबत जा, घरच्यांना भेटा, परत यायची गाडी ठरवून द्या, चेंजिंग रूम आणि बाथरूमचं गेटवर मागून घ्या. तेवढं केलं की ती टिकते.

पैशाचं बोलणं

कॅम्प मालकासोबत पगाराचं हंगाम सुरू झाल्यावर बोलू नका, तेव्हा त्याला वेळ नसतो आणि तुम्हाला पर्याय नसतो. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बोला. वही, इमर्जन्सीचा कागद, कोर्सची सर्टिफिकेटं समोर ठेवा, आणि पदाचं काम काय ते लिहून मागा: किती माणसं माझ्या हाताखाली, खरेदीचा निर्णय कोणाचा, धोका वाटला तर फेरी रद्द करायचा अधिकार माझा की मालकाचा. हा शेवटचा मुद्दा सोडू नका, अधिकार नसेल आणि जबाबदारी असेल तर ते पद घेऊ नका. स्टाफचा विमा आहे का, पावसाळ्याच्या महिन्यांत अर्धा तरी पगार मिळतो का, तेही त्याच बैठकीत.

स्वतःचं काही सुरू करायचं असेल तर राज्याचं २०२१ चं साहसी पर्यटन धोरण आहे, त्याप्रमाणे नोंदणी करावी लागते आणि प्रशिक्षित माणसं, सुरक्षेचं सामान, विमा हे सगळं दाखवावं लागतं. पर्यटन संचालनालयाच्या नागपूर ऑफिसला जाऊन आजचे नियम आणि फॉर्म घेऊन या, जमीन वन विभागाची असेल तर त्यांची परवानगी वेगळी. पहिल्या वर्षी टेंट विकत घेऊ नका, भाड्यानं घ्या, दोन शाळांचे कॅम्प करून पाहा, आणि त्या दोन कॅम्पमधून जो पैसा उरेल त्यातून आधी चांगली फर्स्ट एड पेटी आणि स्टाफसाठी कॉट घ्या.